डब्ल्यूआरएफमध्ये दिल्लीचं धुकं का उतरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वातावरणशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने दिल्लीतल्या जानेवारीच्या एका रात्रीसाठी डब्ल्यूआरएफ हे हवामानाच्या अंदाजाचं संगणक-मॉडेल आधी 9 किमी, मग 3 आणि शेवटी 1 किमी बाजूच्या चौकटींच्या ग्रिडवर चालवलं. पालम विमानतळावर पहाटे दृश्यमानता 50 मीटरच्या खाली गेली होती. मॉडेलमध्ये मात्र रात्रभर सगळ्यात खालच्या थरात ढगजल (हवेतल्या थेंबांचं पाणी) शून्य. ग्रिड बारीक करूनही काही हललं नाही, तर आता 300 मीटरवर जावं का, असं ती विचारते. जोडीला दुसरा प्रश्न आहे: निफाडला काकांची द्राक्षबाग आहे, त्यांना या मॉडेलचा काही उपयोग होईल का?

300 मीटरवर जाऊ नका, निदान इतक्यात नाही. तुमचं धुकं आडव्या अंतरात हरवलेलं नाही. ते बहुधा पहिल्या पन्नास मीटरमध्ये आणि त्याखालच्या हातभर मातीत हरवलं आहे. दिल्लीच्या धुक्यावर काम करताना हे पुन्हा पुन्हा दिसतं आणि तरीही दरवर्षी नवे विद्यार्थी आधी ग्रिडच बारीक करायला घेतात, कारण नेमलिस्टमध्ये (मॉडेलच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) तेवढा एक आकडा बदलणं सोपं असतं आणि संगणकाचा वेळ खर्च झाला की काहीतरी सुधारलं असेल असं वाटतं.

आधी एक छोटं गणित करून पाहा, म्हणजे अडचण किती बारीक आहे ते कळेल. 10 अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 9.4 ग्रॅम वाफ राहू शकते. 9 अंशांना ती 8.8 ग्रॅमवर येते. म्हणजे संपृक्त (वाफेने पूर्ण भरलेली) हवा एक अंश थंड झाली की सुमारे 0.6 ग्रॅम पाणी थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. आता दाट धुक्यात प्रत्यक्षात किती पाणी असतं? घनमीटरला 0.1 ते 0.2 ग्रॅम, बऱ्याचदा त्याहूनही कमी. म्हणजे निरभ्र रात्र आणि विमानतळ ठप्प करणारं धुकं यांत फरक आहे तो साधारण पाव-तृतीयांश अंशाचा. मॉडेलच्या किमान तापमानात दीड अंशाची चूक असली तर आपण एरवी त्याला चांगला अंदाज म्हणतो. धुक्याच्या हिशेबात तीच चूक सगळं धुकं गिळून टाकते, किंवा नसलेलं धुकं उभं करते. चक्रीवादळाचा मार्ग चार दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येतो आणि उद्या पहाटेचं धुकं सांगताना घाम फुटतो, याचं मूळ इथे आहे. चक्रीवादळ ही शेकडो किलोमीटरची रचना असते आणि तिला वाहून नेणारे वारे मॉडेलला नीट पकडता येतात. धुकं मात्र दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत उरलेला लहानसा शेष असतो. वजाबाकीतल्या दोन्ही आकड्यांत चूक असते आणि ती थेट या शेषात उतरते.

म्हणून पहिलं काम: संध्याकाळी साडेपाचला मॉडेलमधला दोन मीटरवरचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवा संपृक्त होते ते) आणि पालम व सफदरजंग या दिल्लीतल्या वेधस्थानकांवर नोंदलेला दवबिंदू शेजारी ठेवा. तापमान नंतर पाहा. माझा अंदाज आहे की तुमचा दवबिंदू दोन-तीन अंशांनी कमी निघेल. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? रात्रभर मॉडेल कितीही प्रामाणिकपणे थंड झालं तरी संपृक्तता गाठायला त्याला पालमपेक्षा दोन-तीन अंश जास्त खाली जावं लागेल, आणि तोवर सूर्य उगवेल.

दवबिंदू कमी का असतो? गंगेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत गहू उभा असतो आणि पंजाबपासून बिहारपर्यंत शेतं सिंचनाखाली असतात. तिथल्या हिवाळी ओलाव्याचे दोन मोठे मालक आहेत: एक पश्चिमी विक्षोभ, जो येऊन थोडा पाऊस पाडून जातो आणि मागे निरभ्र आकाश, मंद वारा आणि ओली जमीन सोडतो, दुसरं हे सिंचन. जागतिक मॉडेलमधून किंवा पुनर्विश्लेषणातून (जुन्या नोंदी मॉडेलमध्ये घालून बनवलेल्या हवामानाच्या इतिहासातून) तुम्ही जी मातीची ओल उचलता, तिच्यात पाऊस असतो, पण कालव्याचं आणि विंधन विहिरीचं पाणी बहुधा नसतं. मॉडेलला वाटतं की नोव्हेंबर-डिसेंबर कोरडे गेले, म्हणजे माती कोरडी आहे. प्रत्यक्षात कालच शेताला पाणी दिलेलं असतं. त्या शेतातून दुपारभर वर गेलेली वाफ संध्याकाळी मैदानभर पसरलेली असते, आणि तुमच्या मॉडेलमध्ये ती मुळात तयारच झालेली नसते.

इथे एक गोम आहे, ती नीट समजून घ्या, नाहीतर ओल वाढवून भलतंच उत्तर मिळेल. ओली माती उष्णता जास्त चांगली वाहते. रात्री पृष्ठभाग थंड होऊ लागला की खालून उष्णता वर येते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. कोरडी, भुसभुशीत वरची माती उलट वागते: ती खालची ऊब अडवून धरते आणि पृष्ठभाग झपाट्याने गारठतो. म्हणजे ओल वाढवली की दवबिंदू वर जातो, पण तापमान उतरायला वेळ लागतो. दिल्लीच्या आसपास बहुतेक वेळा दवबिंदूचा फायदा जास्त भरतो, पण तो आपोआप भरत नाही. मातीचे वरचे थर, त्यांचं तापमान आणि मातीचा प्रकार हे सगळं एकमेकांशी जुळलेलं हवं. त्यासाठी जमिनीचं मॉडेल एकटंच काही महिने आधीपासून, नोंदलेला पाऊस आणि प्रारण (सूर्य आणि आकाशाकडून येणारी किरणं) देऊन चालवावं आणि त्यातून निघालेली माती डब्ल्यूआरएफला द्यावी. काम कंटाळवाणं आहे. पण ग्रिड 1 किमीवरून 300 मीटरवर नेण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त मिळतं.

आता हवेतले पहिले पन्नास मीटर. तुम्ही उभ्या पातळ्या स्वतः दिल्यात की मॉडेलला ठरवू दिल्यात? डब्ल्यूआरएफने स्वतः पातळ्या ठरवल्या तर पहिला थर साधारण 50 मीटर जाडीचा होतो, म्हणजे सगळ्यात खालचा बिंदू जमिनीपासून 25 मीटरवर. प्रारणाने, म्हणजे जमीन रात्री उष्णता आकाशात सोडून थंड झाल्याने, तयार होणारं धुकं सुरुवातीला गुडघाभर असतं, मग पुरुषभर, मग दहा-वीस मीटर. पहिले दोन-तीन तास ते तुमच्या पहिल्या बिंदूच्या खालीच वाढत असतं. मॉडेलमध्ये पन्नास मीटरचा सबंध थर संपृक्त झाल्याशिवाय थेंबच होत नाहीत, आणि रात्रीच्या स्थिर हवेत तो थर एकसारखा थंड होत नाही. जमिनीलगतची हवा 6 अंश आणि पंचवीस मीटरवरची 9 अंश असा प्रकार अगदी नेहमीचा. तेव्हा पहिल्या 100 मीटरमध्ये किमान सहा-सात थर द्या आणि पहिला बिंदू 5 ते 8 मीटरवर आणा. फार खाली आणला तर पृष्ठभागाच्या थराचं समीकरण ज्या गृहीतकांवर उभं आहे तीच डळमळतात, म्हणून एक-दोन मीटरचा हट्ट नको. पातळ्या वाढवल्या की कालपावलं (मॉडेल एका वेळी काळात किती पुढे जातं ते) लहान करावी लागतील आणि प्रारणाची गणनाही जास्त वेळा करावी लागेल. पंधरा-वीस मिनिटांनी एकदा प्रारण मोजणारं मॉडेल धुक्याचा माथा कसा थंड होतो ते पकडू शकत नाही.

याच थरातला दुसरा खेळाडू म्हणजे वारा, आणि तो फार लहरी आहे. वारा अजिबात नसेल तर फक्त जमीन थंड होते, वाफ थेट दवात जाते आणि हवा उलट कोरडी होत जाते. वारा ताशी दहा-बारा किलोमीटर झाला तर वरची कोरडी, उबदार हवा खाली मिसळते. धुकं जमतं ते या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत. ब्रिटनमधल्या कार्डिंग्टन इथे रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली मोजमापं 1976 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात धुकं वारा पडला की वाढतं आणि वाऱ्याची झुळूक आली की मागे सरकतं, हे स्पष्ट दिसलं. मॉडेलांची पंचाईत अशी की स्थिर हवेत ती मुळातच जास्त मिसळतात. ही जास्तीची घुसळण बऱ्याच मॉडेलांत जाणूनबुजून ठेवलेली असते, कारण ती काढली तर हिवाळी रात्री पृष्ठभाग हवेपासून तुटतो आणि तापमान हव्या त्या तळाला जाऊन बसतं. सर्वसाधारण अंदाजासाठी ही सोय ठीक आहे, धुक्यासाठी महाग पडते. वायएसयू, एमवायजे, एमवायएनएन अशा बाउंडरी लेअरच्या (जमिनीलगतच्या हवेची घुसळण मोजणाऱ्या) दोन-तीन योजना एकाच रात्रीसाठी चालवून पाहा. मी सुरुवात एमवायएनएनपासून करेन. पण कुठली योजना जिंकली यापेक्षा, पहिल्या शंभर मीटरचा तापमानाचा आलेख कुणाचा खऱ्यासारखा दिसतो ते पाहा.

खरा आलेख मिळायचा कुठून, हाही प्रश्न आहेच. दिल्लीत वातावरणाचा वेध घेणारा फुगा संध्याकाळी आणि पहाटे साडेपाचला सुटतो. संध्याकाळचा फुगा जातो तेव्हा रात्रीचं उलटं तापमान (खाली थंड, वर उबदार) नुकतंच कुठे जमू लागलेलं असतं. पहाटेचा जातो तेव्हा धुकं पडून चुकलेलं असतं. ज्या बारा तासांत सगळं घडतं त्यांच्याबद्दल फुगे काही सांगत नाहीत. ही पोकळी भरण्यासाठीच पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या पाठबळावर, 2015-16 च्या हिवाळ्यात दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर, म्हणजे पालमलाच, वायफेक्स हा हिवाळी धुक्याचा प्रयोग सुरू झाला. हवामान खातं आणि नोएडाचं एनसीएमआरडब्ल्यूएफ हे हवामान-अंदाज केंद्र त्यात सामील आहेत, आणि पुढे जेवर व हिसारलाही मोजमापं सुरू झाली. मनोऱ्यावरची उपकरणं, मायक्रोवेव्ह रेडिओमीटर, मातीतले तापमापक, थेंबांचे आकार मोजणारी यंत्रं, हवेतल्या कणांचं रसायन, हे सगळं एकाच ठिकाणी, एकाच वेळी. पुण्यात पाषाणला बसलेली माणसं दिल्लीच्या धावपट्टीवरचा शून्यापासून दोनशे मीटरपर्यंतचा प्रत्येक थर मोजून घेतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं. तुमच्या प्रबंधासाठी त्या प्रयोगातली एखादी रात्र निवडा. सामान्य स्थानकाच्या नोंदींवर मॉडेल तपासलं तर चूक झाली एवढं कळेल. कुठे झाली ते या मोजमापांतूनच कळतं.

आता थेंबांकडे येऊ, कारण समजा दवबिंदू सुधारला, पातळ्या सुधारल्या आणि मॉडेलमध्ये ढगजल आलं, तरी पुढचा पेच इथे आहे. धुक्याचे थेंब लहान असतात, साधारण 5 ते 40 मायक्रोमीटर व्यासाचे. 20 मायक्रोमीटरचा थेंब सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो. ऐकायला काहीच नाही, पण तासाला ते चाळीस मीटर होतात, म्हणजे कोवळ्या धुक्याची सगळी जाडी. थेंबांचं हे बसणं धरलं नाही तर मॉडेलमधलं धुकं पाणी साठवत जातं आणि खऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट दाट होतं. ढगांसाठी लिहिलेल्या काही मायक्रोफिजिक्स योजना (थेंब कसे बनतात आणि वाढतात ते मोजणारे मॉडेलचे भाग) ढगाचे थेंब खाली बसवतच नाहीत. तिथे हजारो मीटर उंचीवर ते चालून जातं, इथे नाही. तुमच्या योजनेत हे आहे की नाही ते कोड उघडून पाहा. नसेल तर एमवायएनएनसोबत थेंबांच्या बसण्याचा वेगळा पर्याय नेमलिस्टमध्ये मिळतो, तो लावा.

थेंबांची संख्या हा याहून मोठा विषय. अनेक योजना ती ठरावीक धरतात, घनसेंटिमीटरला 100, 250 वगैरे. हे आकडे ढगांसाठी आहेत. ढगात हवा वर चढते, अतिसंपृक्तता (हवेत मावते त्याहून जास्त वाफ) काही दशांश टक्के होते आणि बरेच कण थेंब बनतात. धुक्यात हवा जवळजवळ चढतच नाही, अतिसंपृक्तता 0.1 टक्क्याच्याही खाली राहते, आणि हवा कितीही गढूळ असली तरी त्यातले थोडेच कण खरे थेंब होतात. ब्रिटनच्या हवामान खात्याला त्यांच्या युनिफाइड मॉडेलमध्ये हाच अनुभव आला. थेंब जास्त धरल्यामुळे मॉडेलचं धुकं फार लवकर जाड होत होतं. त्यांनी जमिनीजवळची संख्या 50 पर्यंत खाली आणली, तेव्हा वागणूक सुधारली.

लवकर जाड होण्याने काय बिघडतं? धुक्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा बिघडतो. पातळ धुक्यातून जमिनीची उष्णता अजून आकाशात निसटत असते. निरभ्र रात्री पृष्ठभाग चौरस मीटरला निव्वळ 70 वॅटच्या आसपास गमावत असतो. धुकं पुरेसं जाड झालं की दीर्घलहरी प्रारण (जमिनीची उष्णता नेणारी अदृश्य किरणं) त्यातून पार जात नाही, जमिनीचं गमावणं जवळपास थांबतं आणि थंड होण्याचं काम धुक्याच्या माथ्यावर सरकतं. मग माथ्यावरची थंड हवा खाली बुडते, खालून मातीची ऊब वर येते, सगळा थर ढवळला जातो आणि धुकं वीस मीटरवरून शंभर-दोनशे मीटरवर जातं. असं धुकं सकाळी उन्हाला सहज दाद देत नाही. काही धुकी या टप्प्याला रात्रभर पोचतच नाहीत आणि दिल्लीत सव्वासातला सूर्य उगवला की तास-दीड तासात विरतात. दोन्ही धुकी पहाटे पाचला पालमच्या निरीक्षकाला सारखीच दाट दिसू शकतात. विमानतळाला मात्र एकाचे दोन तास आणि दुसऱ्याचे सहा तास मोजावे लागतात. तेव्हा मॉडेल तपासताना ढगजलासोबत पृष्ठभागाचं निव्वळ दीर्घलहरी प्रारण कधी शून्याकडे गेलं ती वेळ पाहा. मला धुक्याच्या रात्रीचा एकच आलेख दाखवा म्हटलं तर मी तो मागेन.

आता दृश्यमानता. मॉडेल ती थेट देत नाही, आपण काढतो. कुंकेल यांचं 1984 चं सूत्र फक्त द्रवजल घेतं: 0.1 ग्रॅमला साधारण 200 मीटर येतात. गुल्तेपे यांच्या 2006 च्या सूत्रात द्रवजल आणि थेंबांची संख्या दोन्ही येतात. तेवढ्याच 0.1 ग्रॅमला थेंब 100 धरले तर सुमारे 225 मीटर आणि 300 धरले तर 110 मीटर. पाणी तेच आणि दृश्यमानता निम्मी, म्हणजे मघाच्या थेंबांच्या प्रश्नाचं बिल इथेही येतंच. हवामान खात्याच्या वर्गवारीत 200 मीटरच्या खाली दाट आणि 50 च्या खाली अतिदाट, त्यामुळे नुसतं सूत्र बदललं तरी तुमची रात्र एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊ शकते. प्रबंधात कुठलं सूत्र आणि किती थेंब, हे लिहिल्याशिवाय दृश्यमानतेचा एकही नकाशा देऊ नका.

आणि दिल्लीपुरती आणखी एक गोष्ट, जी युरोपातल्या धुक्यावरचे शोधनिबंध वाचून कळत नाही. इथे दृश्यमानता हजार मीटरच्या खाली जायला थेंब लागतातच असं नाही. सापेक्ष आर्द्रता 90-95 टक्के झाली की हवेतले ओलावा शोषणारे कण फुगतात आणि तेवढ्यानेच सहा-सातशे मीटर उरतात. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात यामागे क्लोराइडचा मोठा हात दिसला. प्लॅस्टिकयुक्त कचरा जाळल्याने आणि उद्योगांतून निघणारं हायड्रोजन क्लोराइड अमोनियाशी मिळून अमोनियम क्लोराइड होतं आणि ते थंड, दमट हवेत भरपूर पाणी ओढून घेतं. म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये ढगजल शून्य असताना 600 मीटरची दृश्यमानता पूर्णपणे शक्य आहे, फक्त तुमच्या सूत्रात ती दिसण्याची सोय नाही. 50 मीटरच्या रात्री हे कारण पुरणार नाही, तिथे थेंबच हवेत. पण त्या रात्रीचे संध्याकाळचे तास तपासाल तेव्हा हे ध्यानात असू द्या. एनसीएमआरडब्ल्यूएफचं दिल्लीसाठीचं 330 मीटरचं मॉडेल रसायनासकट चालतं ते यासाठीच.

यावर तुम्ही म्हणाल, बघा, त्यांनीही 330 मीटरच वापरलं! वापरलं, पण त्याच्या बरोबरीने उभ्या पातळ्या, कणांचं रसायन आणि शहराचा पृष्ठभागही सांभाळला. बारीक ग्रिडची खरी कमाई होते ती डोंगर-दऱ्यांत. ब्रिटनमध्ये 2014 ते 2016 च्या हिवाळ्यांत लॅनफेक्स नावाची मोहीम झाली. तिची एक जागा कार्डिंग्टनची सपाटी होती आणि दुसरी श्रॉपशरच्या दऱ्या. दऱ्यांत थंड हवा उतारावरून ओघळून तळाशी साचते, आणि दरीच जर ग्रिडच्या एका चौकटीत मावत असेल तर मॉडेलला ती दिसतच नाही. दिल्ली सपाट आहे. तिथे 300 मीटरवर कॅनॉट प्लेस आणि पालमच्या मोकळ्या रानातला फरक उमटेल, शहराच्या ऊबेने धुक्यात पडलेलं भोक दिसेल, आणि ते पाहण्यासारखं असतं. इन्सॅटच्या रात्रीच्या चित्रांत 3.9 आणि 10.8 मायक्रोमीटर तरंगलांबीवर मोजलेल्या तापमानांची वजाबाकी केली की मैदानभर पसरलेल्या पांघरुणात दिल्लीचं ते भोक कधीकधी स्पष्ट दिसतं. पण ज्या मॉडेलमध्ये पांघरुणच नाही त्यात भोक शोधून काय मिळणार?

तपासणीबद्दल थोडं. तुमच्या आकड्यांची तुलना पहिल्यांदा करायची ती कालच्या सकाळशी. डिसेंबरच्या अखेरीस आज दाट धुकं असेल आणि वाऱ्याची मोठी मांडणी बदलत नसेल, तर उद्याही असण्याची शक्यता बरीच असते. "कालच्यासारखंच" हा फुकटचा अंदाज हरवणं मॉडेलला जड जातं. जिथे तो अंदाज तुटतो, म्हणजे धुक्याच्या मालिकेची पहिली आणि शेवटची रात्र, तिथेच मॉडेलची किंमत ठरते. त्या रात्री वेगळ्या काढून त्यांचे गुण वेगळे मांडा. दृश्यमानतेची तुलना कशाशी करता तेही पाहा. निरीक्षकाने सांगितलेली दृश्यमानता आणि धावपट्टीवरच्या दिव्यांच्या हिशेबाने काढलेली धावपट्टी-दृश्यमानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंगळुरूच्या एनएएल या विमानशास्त्र प्रयोगशाळेने बनवलेली "दृष्टी" उपकरणं दुसरी सांगतात आणि रात्री ती बऱ्याचदा पहिलीपेक्षा जास्त भरते.

एका मॉडेलच्या एका फेरीवर हो-नाही सांगू नका, हेही आग्रहाने सांगतो. पाव अंशावर उभ्या असलेल्या गोष्टीचं उत्तर शक्यतेतच द्यावं लागतं. सुरुवातीची ओल, वारा, मायक्रोफिजिक्स थोडीथोडी बदलून वीसेक फेऱ्या करा. दहांत सहा फेऱ्यांत धुकं आलं तर तेच सांगा. विमान कंपनीला हे समजतं. विमान वळवावं लागलं तर जयपूरपर्यंत पुरेल एवढं जादा इंधन भरण्याचा खर्च समजा 1 आणि न भरता अडकण्याचं नुकसान 10 असेल, तर शक्यता 10 टक्क्यांच्या वर गेली की इंधन भरणं परवडतं. दुसऱ्या कुणाचा खर्च वेगळा, त्याची रेषा वेगळी. शिवाय विमानतळाला नुसतं धुकं असून-नसून चालत नाही. धावपट्टी-दृश्यमानतेच्या 550, 300, 175, 50 मीटर अशा पायऱ्या असतात, आणि सज्ज धावपट्टी, सज्ज विमान आणि प्रशिक्षित वैमानिक तिन्ही असतील तरच शेवटच्या पायरीपर्यंत उतरता येतं. त्या पायऱ्यांच्या शक्यता द्या. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी हवामान मॉडेलं याला पर्याय होतील का, असं हल्ली सगळेच विचारतात. ती ज्या पुनर्विश्लेषणावर शिकतात त्यात चौकट सुमारे तीस किलोमीटरची असते आणि मातीतलं सिंचन तिथेही धड नसतं. एखाद्या विमानतळाच्या जुन्या नोंदींवर शिकवलेलं लहान मॉडेल डब्ल्यूआरएफच्या आकड्यांतली कायमची चूक काढून टाकायला मात्र खरंच उपयोगी पडतं. तेवढं जरूर करा.

आता निफाड. काकांचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून त्याला दिल्लीचं उत्तर देऊ नका. त्यांना दृश्यमानता नको आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना धुई पडली की भीती डाऊनी या द्राक्षाच्या रोगाची, आणि डाऊनीला धुकं किती दाट होतं याच्याशी देणंघेणं नसतं. पान सलग किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, हे तिला लागतं. ज्या रात्री वारा अजिबात नसतो आणि सगळी वाफ दहिवरात जाते, ती रात्र दिल्लीच्या हिशेबात धुकं हुकलेली रात्र असते आणि काकांच्या हिशेबात सगळ्यात वाईट. तेव्हा त्यांच्यासाठी ढगजल पाहूच नका. पृष्ठभागावर जमलेलं दव, दोन मीटरवरची 90 टक्क्यांच्या वरची आर्द्रता किती तास टिकली, आणि सकाळी वारा कधी सुटला, या तीन गोष्टी काढा. मॉडेलला यांतलं पुष्कळ बऱ्यापैकी जमतं, कारण इथे पाव अंशाच्या शेषावर सगळं अवलंबून नसतं. एक मात्र सुधारावं लागेल. गोदावरीच्या कालव्यांवरची ऊस-द्राक्षांची ओली काळी जमीन तुमच्या मॉडेलला कोरडवाहू दिसत असणार, म्हणजे मातीचं जे काम दिल्लीसाठी सांगितलं तेच इथेही आधी करायचं. तपासायला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं किमान तापमान मिळेल. पान ओलं असल्याची नोंद तिथून मिळाली नाही, तर काकांना बागेत पान ओलं असल्याचं टिपणारा एक साधा संवेदक घडांच्या उंचीवर, मांडवाच्या आत लावायला सांगा. बांधावर लावलेला चालणार नाही, मांडवाखालची पानं बांधावरच्यापेक्षा उशिरा सुकतात.